एटीव्ही: फोर-व्हील ड्राइव्हची एक घ्यावी की टू-व्हील ड्राइव्हच्या दोन?

शार्लटचा सातारकर

नमस्कार मंडळी. इथे कोणी एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने वळवायची, कच्च्या वाटांवरची चारचाकी) चालवत असेल तर सल्ला हवा आहे, जरा तातडीने.

आम्ही नवरा-बायको नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. गेल्या ऑक्टोबरात मित्रांबरोबर वेस्ट व्हर्जिनियात हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्सवर, म्हणजे डोंगरातल्या एटीव्हीच्या वाटांवर, गेलो होतो. ब्रॅमवेलला मुक्काम, भाड्याच्या गाड्या, दोन दिवस. सकाळी दारातून गाडी काढायची, गावातल्या रस्त्यावरूनच ट्रेलला लागायचं आणि मग दिवसभर डोंगर. एके काळी कोळशाच्या खाणवाल्यांनी बांधलेली मोठमोठी घरं त्या एवढ्याशा गावात अजून उभी आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्या समोरून चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग परत येते. बायको घरी पोचेपर्यंत त्याबद्दलच बोलत होती. आता स्वतःच्या गाड्या घ्यायच्या हे नक्की झालंय.

बजेट नऊ हजार डॉलर. ट्रेलर मित्राचा आहे, त्यामुळे तो खर्च नाही. समोर दोन पर्याय आहेत. (फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना, टू-व्हील म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना; चाकं दोन्हींत चारच.)

पहिला, नवी होंडा रँचर ४२०, फोर-व्हील ड्राइव्ह. कर, कागदपत्रं, दोन हेल्मेट धरली की पैसे संपले. म्हणजे एकच गाडी. आणि ही गाडी एकाच माणसाची. मागे कोणाला बसवायचं नसतं. एकाने चालवायची आणि दुसऱ्याने ट्रेल सुरू होते तिथे वाट बघायची.

दुसरा, वापरलेल्या दोन गाड्या, दोन्ही टू-व्हील ड्राइव्ह: होंडाच्याच, एक रेकॉन २५० आणि एक रँचर ४२०. दोन्ही एकाच माणसाकडे आहेत, बऱ्या दिसतात.

एका दुकानातला माणूस म्हणाला, टू-व्हील घेऊ नका, सहा महिन्यांत विकायला आणाल. ऑफिसातला एक सहकारी वीस वर्षं चालवतो, तो म्हणतो फोर-व्हील ही नव्या लोकांची समजूत आहे, दहातले नऊ तास लोक टू-व्हीलवरच असतात. दोघंही ठामपणे बोलतात, त्यामुळे मी जास्तच गोंधळलो.

आम्ही जाणार बहुतेक युवारीच्या जंगलात, घरापासून सव्वा-दीड तास, महिन्यातून एकदा. वर्षातून एक-दोनदा वेस्ट व्हर्जिनिया. बायको पाच फुटांची, वजन पन्नासच्या आसपास. जड हँडल तिला झेपत नाही, दुसऱ्या दिवशी तिचे खांदे भरून आले होते.

अजून एक. भाड्याच्या गाडीला फोर-व्हीलचं बटण होतं. मी ते सकाळी दाबलं आणि संध्याकाळी बंद केलं. त्याने नेमका काय फरक पडला ते मला सांगता येणार नाही. म्हणून विचारतोय.

वाळूवरची वाट

आम्ही सॅन डिएगोचे. हिवाळा आला की दर दुसऱ्या शनिवार-रविवारी ग्लॅमिसला, म्हणजे इम्पीरियल सँड ड्यून्सला. माझी यामाहाची रॅप्टर ७००, नवऱ्याचीही तीच. दोन्ही टू-व्हील, आणि मला एकदाही चार चाकांची गरज वाटलेली नाही.

वाळूत सगळा खेळ वेगाचा आणि हलकेपणाचा असतो. मागे पॅडल टायर लावायचे, ते वल्ह्यासारखे वाळू मागे ढकलतात. पुढची चाकं फक्त तरंगायला आणि वळायला. तीनशे फुटांपर्यंतचे वाळूचे डोंगर आहेत तिथे, चढताना मध्येच थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला की गाडी बसलीच. जड फोर-व्हील गाड्या मऊ वाळूत चढावर दम टाकताना मी कितीदा पाहिल्यात.

पण सातारकर, तुमच्याकडे वाळू नाही. तुमच्याकडे माती, दगड आणि झाडांची मुळं आहेत. तेव्हा माझा अनुभव तुम्हाला अर्धाच कामाचा. एवढं मात्र नक्की सांगेन: दोघांनी मिळून जाण्यात जी मजा आहे ती एकाने चालवून दुसऱ्याने बघण्यात नाही. एक गाडी घेतलीत तर वर्षभरात ती गॅरेजमध्ये उभी राहील. आणि कधी इकडे आलात तर गाडीवर काठीला झेंडा लावावा लागतो, जमिनीपासून किमान आठ फूट उंच, टेकाडापलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून. त्याशिवाय एक चाकही फिरवायचं नाही.

लाल माती

सातारकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. सकाळी बटण दाबलं, संध्याकाळी बंद केलं. मीही पहिलं वर्ष असंच चालवलं आणि त्याची किंमत मोजली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ग्रीन्सबरोला राहतो, युवारीला २०१७ पासून जातो. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. हे सांगायचं कारण माती. नॉर्थ कॅरोलिनाच्या या पट्ट्यातली माती लाल, चिकण. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा पायाला चिकटलेला गोळा बघून घर आठवलं. कोरडी असते तेव्हा ती सिमेंटसारखी, टू-व्हीलवर तुम्ही कुठेही जा. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी तिच्यासारखी निसरडी जमीन नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच मातीत आहे.

२०१९ चा एप्रिल. युवारीच्या ट्रेल्स डिसेंबरच्या मध्याला बंद होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला उघडतात, तर उघडल्यानंतरचा तो पहिला शनिवार. आदल्या दिवशी पाऊस झालेला. माझी फोर-व्हील नवी होती, मी एकटाच गेलो होतो, आणि ट्रेलर सोडल्यापासून बटण दाबून ठेवलं होतं. एका उताराच्या तळाशी डबकं होतं, वीसेक फूट लांब. तांबडं पाणी, तळ दिसत नव्हता. चारही चाकं ओढतायत म्हणून मी थांबलोच नाही. मध्यावर गेलो आणि पुढचा भाग खाली गेला, मागून मागचा. चारही चाकं एकदम फिरली आणि चारही एकदम रुतली. गाडी पोटावर बसली.

खाली उतरलो तर पाणी मांडीपर्यंत. हात घालून टायर चाचपला. खाचा नव्हत्याच! लाल मातीने इतक्या गच्च भरल्या होत्या की टायर कुंभाराच्या चाकावरच्या ओल्या मडक्यासारखा गुळगुळीत लागत होता. त्या क्षणी मला कळलं की चार चाकांना ताकद मिळते म्हणजे चार चाकांना पकड मिळते असं नाही. पकड टायर आणि जमीन यांच्यात असते. इंजिन फक्त ती वापरतं, निर्माण करत नाही.

विंच (गाडीला लावलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) नव्हता. फोनला रेंज नव्हती. दीड तासाने दोघं जण आले. त्यातला एक साठीचा गृहस्थ, जुन्या टू-व्हील रेकॉनवर. तो डबक्याच्या अलीकडेच थांबला, उतरला, एक लांब फांदी घेऊन पाण्यात चार ठिकाणी खुपसली आणि डाव्या कडेला बोट दाखवलं: तिथे तळ दगडी होता, पाणी जेमतेम वीतभर. त्याच्या जोडीदाराच्या गाडीला विंच होता. झाडाच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळून, त्यातून दोर घेऊन त्यांनी मला काढलं. सालीला दोर काचू नये म्हणून तो पट्टा, बरं का, तो तुम्हीही घ्या. मग त्या गृहस्थाने विचारलं की फोर-व्हील कधी चालू केलीस. सकाळी, म्हटलं. तो म्हणाला, मग तुझ्याकडे शिल्लक काहीच नव्हतं.

घरी येताना मला माझे वडील आठवत होते. आमच्याकडे चिखलणीला ट्रॅक्टर भाड्याने यायचा, साधा टू-व्हील, मागे लोखंडी केजव्हील लावलेला. चालक कधी सरळ खाचरात उतरला नाही. आधी बांधावर उभा राहून बघायचा, काठी खुपसून गाळ किती ते पाहायचा, वडिलांना विचारायचा की गेल्या वर्षी कुठे बसला होता. मी लहानपणापासून हे बघितलं होतं, आणि इकडे येऊन बटणावर भरवसा ठेवला.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. टू-व्हीलवर चालवायचं. पुढे अवघड जागा दिसली की थांबायचं, उतरून बघायचं. जावं असं वाटलं तर जाण्याआधी, गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना, फोर-व्हील लावायची. मागची चाकं जागेवर गरागरा फिरत असताना बटण कधीच दाबायचं नाही. पुढच्या गिअरचे दाते एकदम अडकतात आणि तुटू शकतात. अवघड जागा ओलांडली की परत टू-व्हील. कडक जमिनीवर फोर-व्हील ठेवली की हँडल जड होतं आणि टायर उगाच घासतात. तुमच्या घरच्यांचे खांदे भरून आले म्हणता, त्यांनीही दिवसभर बटण दाबूनच ठेवलं होतं का, विचारून बघा. मला तेच वाटतंय.

आता टू-व्हीलबद्दल. दुकानातल्या माणसाचं आणि तुमच्या सहकाऱ्याचं, दोघांचंही मला पटत नाही. लोक कारवरून अंदाज बांधतात. कारच्या दोन चाकांपैकी एक घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते आणि दुसरं नुसतं बघत राहतं. रेकॉन काय किंवा साधी रँचर काय, मागे अखंड ॲक्सल असतो, मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. म्हणून टू-व्हील एटीव्ही नव्या माणसाला वाटतं त्यापेक्षा बरीच पुढे जाते. चढावर वजन आपोआप मागे येतं, मागची चाकं जमिनीत दाबली जातात, ओढ चांगली मिळते. उलट फोर-व्हीलमध्ये पुढचं डिफरेन्शियल लॉक होत नसेल तर पुढे ओढणारं बऱ्याचदा एकच चाक असतं, म्हणजे एकूण तीन.

मग टू-व्हील कुठे कमी पडते? ओल्या चढावर, मध्येच दगडाची पायरी आली की. मागची चाकं ढकलतात, पुढची दगडाला टेकून उभी. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं त्या दगडावर स्वतः चढतात, सगळा फरक त्या एका फुटात आहे. टू-व्हीलवाला हे वेगाने करतो, आणि वेगाने केलं की पुढचा भाग उचलतो. उभ्या चढावर गाडी मागे उलटण्याची भीती तिथे असते. हॅटफील्ड-मॅकॉयवर हिरव्या खुणेच्या सोप्या ट्रेल्स आणि बऱ्याचशा निळ्या, म्हणजे मध्यम, तुम्ही टू-व्हीलवर आरामात कराल. काळ्या अवघड असतात, त्यांवर टू-व्हील घेऊन पहिल्या वर्षी जाऊ नका. तिथे ट्रेल्स हजार मैलांच्या वर आहेत, हिरव्या-निळ्याच संपायला वर्षं जातील.

माझा सल्ला तुमच्या दोन्ही पर्यायांत नाही. दोन वापरलेल्या घ्या, पण एक टू-व्हील आणि एक फोर-व्हील, आणि फोर-व्हीलला विंच. अडीच हजार पौंडांचा पुरतो. तुम्ही दोघं कायम एकत्र जाणार आहात. एक अडकली तर दुसरी घट्ट जमिनीवर असेल आणि तिला ओढता येईल. नव्या एका फोर-व्हीलपेक्षा ही जोडी मला जास्त सुरक्षित वाटते. एकट्याने जाणारा कोणी विचारत असता तर मी फोर-व्हीलच सांगितली असती, दुसरा विचारच केला नसता.

बर्फाळ

मी मिनेसोटाचा. वरचं सगळं वाचलं, लाल मातीशी बहुतांशी सहमत, पण एका गोष्टीवर नाही.

एटीव्ही बनवणाऱ्या पोलारिस कंपनीचं हे माहेर, १९५४ पासून. रस्त्यात दर तिसऱ्या घरी एटीव्ही असते आणि टू-व्हील मी बोटावर मोजण्याइतक्या पाहिल्यात. कारण आम्ही ती फक्त हौसेला वापरत नाही. माझ्या पोलारिस स्पोर्ट्समनला पुढे नांगरासारखा प्लाऊ लावलेला आहे, नोव्हेंबर ते मार्च दारातला बर्फ तीच काढते. बर्फाचा ढीग ढकलताना मागची दोन चाकं जागेवर फिरतात, गाडी हलत नाही. चार चाकं लागतातच. जंगलातून ओंडके ओढून आणतो, तेव्हाही.

माझ्या गाडीत ऑन-डिमांड आहे. बटण दाबून ठेवलं तरी पुढची चाकं मोकळीच असतात. मागची घसरू लागली की पुढची आपोआप लागतात, पकड आली की सुटतात. त्यामुळे हँडल जड होत नाही. लाल माती म्हणतात ती शिस्त चांगलीच, पण अशी गाडी घेतली तर दर ओढ्याशी बटणाचा विचार करावा लागत नाही. सातारकरांच्या घरच्यांसाठी हे सोयीचं नाही का? शिवाय विकताना फोर-व्हीलला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मी तर दोन्ही फोर-व्हीलच बघेन, जरा जुन्या बघा.

शार्लटचा सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल माती, तुमचा अंदाज बरोबर निघाला. बायकोला विचारलं, तिच्या गाडीचं बटणही दिवसभर चालूच होतं. भाड्याने देणाऱ्याने चालू करून दिलं होतं, आम्ही हात लावला नाही.

दोन गाड्यांचं पटलं. काल एक वापरलेली रँचर फोर-व्हील सापडली, तासाभराच्या अंतरावर, रविवारी बघायला जातोय. टू-व्हीलमध्ये रेकॉन घ्यायची की रँचर ते बायको ठरवेल, दोन्हींवर बसून.

आता तीन प्रश्न. जुन्या फोर-व्हीलमध्ये काय बघायचं? उतारावर फोर-व्हीलचा उपयोग होतो का? ऑक्टोबरात एका उतारावर मी ब्रेक मारला आणि गाडी तशीच घसरत गेली, ते अजून डोक्यातून जात नाही. आणि चढावर मध्येच गाडी बंद पडली तर काय करायचं?

गॅरेजवाला

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, माझा रोजचा धंदा तोच. न्यू जर्सी.

खाली झोपून बघायचं, उभ्याने नाही. पुढच्या चाकांना जाणाऱ्या ॲक्सलवर रबराचे बूट असतात, घडीघडीचे. काडी लागून ते फाटतात, ग्रीस बाहेर येतं, आत वाळू जाते, आणि महिन्याभरात जॉइंट गेला. बोटाने प्रत्येक घडी उघडून बघा, चीर घडीच्या आत लपलेली असते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलेला आहे. मग हँडल पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर जॉइंट बदलायचा आहे.

पुढच्या डिफरेन्शियलचं तेल काढून दाखवायला सांगा. स्वच्छ पाहिजे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे ती गाडी खोल पाण्यात बुडवलेली आहे. मालक काहीही सांगो.

फोर-व्हील खरंच लागते का ते असं बघा. चारही चाकं स्टँडवर उचलून, नीट पक्की बसवून, मालकाला सीटवर बसवा. फोर-व्हील चालू, पहिला गिअर, थ्रॉटल अगदी किंचित. पुढची चाकं फिरली पाहिजेत. तुम्ही लांब उभे राहा. स्टँड नसेल तर मालक टाळाटाळ करतोय की खरंच नाहीये ते तुम्हाला तोंडावरून कळेल.

आणि टायर. गुळगुळीत टायरची फोर-व्हील घेण्यापेक्षा चांगल्या टायरची टू-व्हील घ्या. चार नव्या टायरचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

लाल माती

बर्फाळ, तुमचा मुद्दा रास्त आहे. बर्फ काढायचा असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण शार्लटला प्लाऊ लावण्याइतका बर्फ कुठे? आणि दोन्ही फोर-व्हील म्हणजे त्या बजेटमध्ये दोन्ही थकलेल्या मिळणार. टू-व्हीलला पुढचं डिफरेन्शियल नाही, ॲक्सल नाहीत, बूट नाहीत. बिघडायलाच कमी, वजनही कमी. पाच फुटांच्या बाईला रुतलेली गाडी ढकलताना ते वजन कळतं.

सातारकर, उताराचं नीट वाचा, कारण इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. फोर-व्हील लावली म्हणून ब्रेक जास्त चांगले लागतात असं नाही. ब्रेक तेच, टायर तेच. तुम्ही ब्रेक मारला, चाकं थांबली, गाडी घसरत राहिली. चाक लॉक झालं की त्याला दिशाच उरत नाही. उपयोग होतो तो इंजिन ब्रेकिंगचा. लो किंवा पहिला गिअर, थ्रॉटल सोडलेला, चाकं फिरत राहतात पण इंजिन त्यांना धरून ठेवतं. टू-व्हीलमध्ये ते फक्त मागच्या चाकांना धरतं, आणि उतारावर वजन पुढे गेलेलं असल्यामुळे मागची चाकं हलकी असतात, सहज घसरतात. थेट जोडलेल्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या चाकांनाही धरतं, आणि उतारावर पकड तिथेच असते. म्हणून ओल्या उतारावर, उतरायला सुरुवात करण्याआधी, मी फोर-व्हील लावतो.

ऑन-डिमांडमध्ये मात्र हे आपोआप मिळत नाही. तिथे पुढची चाकं मागची घसरली की पुढे ओढतात; उतारावर ती मोकळी फिरतात. उतारासाठी वेगळी सोय काही मॉडेल्समध्ये दिलेली असते, घेताना विचारून घ्या. टू-व्हीलवर उतरताना बूड मागे, हात सैल, गिअर सगळ्यात खालचा, आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत-धरत. तुमच्या घरच्यांना हे सपाट जागेवर शिकवा, आधी गवतावर, मग छोट्या उतारावर.

चढावर बंद पडली तर: वजन पुढे, चढाच्या बाजूला. ब्रेक धरा, पार्किंग ब्रेक लावा, आणि चढाच्या बाजूनेच उतरा, खालच्या बाजूने कधीही नाही. गाडी मागे घरंगळू लागली असेल तर पुढचा ब्रेक, हलक्या हाताने. नुसता मागचा ब्रेक गचकन मारला की पुढचा भाग वर येतो आणि गाडी तुमच्या अंगावर. उभ्या चढावर गाडी आडवी वळवायची तर मुळीच नाही. मी हे एकदाच डोळ्यांनी पाहिलंय, दुसऱ्याच्या बाबतीत, आणि त्या माणसाचा खांदा अजून नीट उचलत नाही. हेल्मेट होतं म्हणून तो आज बोलतोय.

शार्लटचा सातारकर

रविवारी जाऊन आलो.

गॅरेजवाल्यांचं ऐकून खाली झोपलो. उजव्या बाजूच्या आतल्या बुटाला दोन घड्यांमध्ये चीर होती, बोट घातल्याशिवाय दिसलीच नसती. मालकाने प्रामाणिकपणे मान्य केलं, त्याला माहीत नव्हतं असं म्हणाला आणि मला ते खरं वाटलं. त्याच्याकडे स्टँड होते. चारही चाकं उचलली, पुढची फिरली. तेल स्वच्छ. मागचे टायर अर्धे झिजलेत. बूट आणि टायरचे मिळून साडेतीनशे कमी केले त्याने. विंच आधीच लावलेला आहे, दोर नवीन घालावा लागेल.

बायकोने दुसऱ्या माणसाकडच्या दोन्ही टू-व्हील चालवून पाहिल्या. रेकॉनवर बसली, मैदानात चार चकरा मारल्या आणि उतरायलाच तयार नव्हती. रँचरवर तिचे पाय नीट टेकत नव्हते. तेव्हा रेकॉन नक्की. म्हणजे फोर-व्हील माझ्याकडे, विंच माझ्याकडे.

युवारी एप्रिलमध्ये उघडेल तोवर मित्राच्या शेतावर सराव करू. एक शेवटचं: टायरमध्ये हवा किती ठेवायची? माझ्या कारच्या गेजवर काटा हलतच नाही.

लाल माती

अभिनंदन! दोघांचंही.

कारचा गेज वापरू नका, त्याला इतकी कमी हवा मोजता येत नाही. एटीव्हीसाठी कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, शून्य ते दहा पीएसआयचा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, पुढचा-मागचा वेगळा असू शकतो. त्याच्या खाली जाऊ नका, दगडावर टायर रिमवरून सुटतो. दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे ना ते दर वेळी बघा, अखंड ॲक्सलवर एक टायर कमी भरलेला असला की गाडी एका बाजूला ओढते आणि आपल्याला वाटतं हँडल बिघडलं. हवा गाडी थंड असताना मोजायची, ट्रेलरवरून उतरवली की लगेच.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी तिथे असेन. पाऊस झालेला असेल तर रविवारी. काठी मी आणतो.